जवारी कुणाच्या कानाने काढलेली?

अमेरिकेतल्या दुकानदारांची दिवाळी नोव्हेंबरच्या अखेरीस एका शुक्रवारी येते. आपली नुकतीच उरकलेली असते, फराळाचे डबे तळाला गेलेले असतात आणि खिसाही. नेमके तेव्हाच सॅम्पल लायब्ररींच्या, म्हणजे संगणकावर वाजवायच्या वाद्यांच्या, सेलचे मेल यायला लागतात. व्हायोलिनांचा ताफा निम्म्या किमतीत, ब्रासवर, म्हणजे पितळी वाद्यांवर, घसघशीत सूट, 'एथनिक' वाद्यांचा अख्खा संच फक्त आजच्या दिवस. सांगलीत विश्रामबागेतल्या एका मागच्या खोलीत लॅपटॉप, कीबोर्ड आणि दोन स्पीकर मांडून मी जिंगल, अभंग आणि गणपती मंडळांची गाणी करतो. माझ्या जातीच्या माणसाने हे मेल वाचू नयेत, पण वाचल्याशिवाय झोप येत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. सॅम्पल लायब्ररी म्हणजे कुणीतरी खऱ्या वाद्याचा एकेक सूर वाजवून ठेवलेला असतो. हळू, मध्यम, जोरात, असा प्रत्येक सूर निरनिराळ्या ताकदीने. वर तोच सूर त्याच ताकदीने पुन्हा तीनचार वेळा, कारण एकच रेकॉर्डिंग लागोपाठ वाजलं की कान लगेच ओळखतो, मशीनगन सुटल्यासारखं ऐकू येतं. म्हणून सॉफ्टवेअर दर वेळी निराळा टेक, म्हणजे त्याच सुराचं निराळं रेकॉर्डिंग, पुढे करतं, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १९६३ सालच्या मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असायचा. पट्टी दाबली की बासरी वाजायची आणि आठेक सेकंदांत टेप संपली की बासरीही संपायची. २००२ साली 'कॉन्टॅक्ट' नावाचं सॉफ्टवेअर आलं. आज आमच्या धंद्यातल्या पुष्कळ लायब्ऱ्या त्याच्यातच उघडतात.

समाधानाचं आधी सांगतो, कारण ते खरं आहे. ग्रँड पियानो आमच्या इमारतीच्या जिन्यावरून वर चढणार नाही आणि चढला तरी मला परवडणार नाही. लॅपटॉपमध्ये तो आहे, पेडल सोडल्यावर लाकडाचा बारीक खट् आवाज येतो त्याच्यासकट. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवून ठेवलेले सूर आहेत, त्याची छोटी आवृत्ती तर फुकट मिळाली. त्या व्हायोलिनांवर मी सांगलीच्या हळदीची जाहिरात केली. व्यापारी डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "एवढी माणसं कुठं बसवली वो तुम्ही?" मी नुसता हसलो. या आनंदाला विकतचा म्हणून कमी लेखायचं कारण मला दिसत नाही.

पेटीचंही तसंच. सॅम्पल केलेली हार्मोनियम मला कायम पावली आहे, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. पेटीत दोन सुरांच्या मधली जागा नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, म्हणून आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलं होतं. संगणकाच्या कीबोर्डाचाही तोच दोष. दोष दोष जुळले आणि संसार सुखाचा झाला! फक्त भात्याचा श्वास तेवढा कमी पडतो, तो मी आवाजाचा स्लायडर वरखाली करून भरतो.

खंत सतारीपाशी सुरू होते.

इथून दहाएक किलोमीटरवर मिरज आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत दीडशेहून जास्त वर्षं सतारी आणि तानपुरे होतात. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा सांगतात. हत्यारं करणाऱ्या शिकलगारांच्या घरातले हात तारांकडे वळले ते तिथेच. दुकानांच्या माळ्यावर भोपळे वाळत टांगलेले असतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांना दर्ग्याच्या आवारात इथेच पुरलं, आणि उरुसात अजून तिथे रात्र रात्र गाणं होतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि इतक्या जवळ राहून मी सतार घेतो ती समुद्रापलीकडच्या कंपनीची, डॉलरमध्ये, वर बँकेचा आकार देऊन.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सतारिया बोलवायचा तर त्याची वेळ, त्याची बिदागी, माझ्या खोलीतला पंखा बंद, बाहेरच्या रिक्षा बंद होणार नाहीतच. डझनभर तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या झंकाराच्या तारा, जुळवायलाच अर्धी सकाळ जाते. गिऱ्हाइकाला जिंगल संध्याकाळी हवी असते. लॅपटॉपातली सतार कधी उतरत नाही. दुखणं वेगळं आहे.

सतारीच्या घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिची, वरची सपाटी कानशीने घासून अशी आणतात की कंप पावणारी तार तिला जेमतेम चाटत राहते. त्यातून जो झंकार निघतो ती जवारी. ती खुली ठेवायची की बंद, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. तानपुरा करायला टाकला की कारागीर आधी पट्टी, म्हणजे गायकाचा षड्ज पेटीच्या कुठल्या पट्टीवर, ते विचारतो, काळी एक की पांढरी चार. मग गायकाला समोर बसवून थोडं गाऊन घेतो, घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. लायब्ररीतल्या सतारीची जवारीही कुणीतरी काढलीच असणार, पण ती कुणाच्या तरी दुसऱ्याच्या कानाने आणि कायमची. मला ती खुली वाटली तर घासणार काय? तिथे एक बटण असतं, 'ब्राइटनेस' नावाचं. ते फिरवलं की जवारी बंद होत नाही, वाद्यावर गोधडी पडते.

मींडेची कथा याहून वाईट. सतारिया एका पडद्यावर तार ओढून चारपाच सुरांपर्यंत जातो. माझ्याकडे डाव्या हाताला एक चाक आहे, ते फिरवलं की सूर सरकतो आणि सरकला हे सगळ्यांना कळतं. कंपन्यांना हे ठाऊक आहे, म्हणून त्या तयार मींडा रेकॉर्ड करून देतात. त्या सुंदर असतात, आणि त्याच खऱ्या गळ्यातला फास. सुंदर तुकडा सगळेच वापरतात. टीव्हीवर सुनेने दार उघडलं की तीच मींड, तीर्थक्षेत्राच्या व्हिडिओत तीच, आणि माझ्या जिंगलमध्येही तीच. माझं पक्कं मत झालंय की जी लायब्ररी पहिल्याच दिवशी जास्त खूश करते ती लवकर विटते. जिच्यात सात साधे सूर नीट वाजवलेत आणि बाकी तुमच्यावर सोडलंय, ती वर्षानुवर्षं चालते. डेमोवर तर जाऊच नये. डेमो रचणारा माणूस पत्र्याच्या डब्यालाही गायला लावेल, आणि वर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनासारखा घुमारा, ओतलेला असतो. तो बंद करून कोरडा सूर ऐकायला मिळत असेल तरच मी पाकिटाला हात लावतो.

शिवाय नको झालेली पेटी विकता येते, मिरजेत जुना तानपुरा नवा करून मिळतो. लायब्ररी बहुधा विकताच येत नाही. परवाना तुमच्या नावावर आणि पन्नास-साठ जीबी डिस्कवर पडून. जागा हवी म्हणून पुसायची, आणि पुढच्या श्रावणात वाटतं, होती ती बरी होती, की पुन्हा रात्रभर डाउनलोड. एक मात्र मान्य करतो. महापुरात लाकडाची वाद्यं वाया जातात, ही मात्र कुठूनही पुन्हा उतरवून घेता येते.

मागच्या उन्हाळ्यात एका मित्राचा मिरजेचा तानपुरा घरी आणला आणि त्याचेच सूर टिपले. चारही तारा, पुष्कळ टेक, पंखा बंद, घाम चालू. फुकटच्या एका सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ते बसवले. पंचमाच्या एका टेकमध्ये भंगारवाल्याची आरोळी आहे, अगदी बारीक, राउंड रॉबिनमध्ये तिची पाळी आली की मला कळते. गिऱ्हाइकांना कळलेली नाही. कुठल्याही सेलमध्ये असला तानपुरा मला मिळाला नव्हता.

आता तासगावच्या एक गायिका अभंग करायला येणार आहेत. त्यांची पट्टी काळी चार आणि माझा तानपुरा काळी एकचा. संगणकावर ओढून वर नेला तर डास गुणगुणतो. मिरजेच्या कारागिराला फोन लावला. "चाचा, हाच तानपुरा काळी चारला चढवून जवारी काढून द्याल का?"

"जेन्ट्स तानपुरा हाय तो, साहेब. तेवढा चढवला तर तारा तुटतील. लेडीज लागंल." मग थोडं थांबून, "आणि त्या बाईंना घेऊन या. गायल्याबिगर मी कानस लावत न्हाई."