बुरशी कोणत्या रकान्यात?

आपल्या शाळेत तेव्हा प्रयोगशाळा नव्हती, कपाट होतं. त्यात एक सूक्ष्मदर्शक, तडा गेलेली चंचुपात्रं आणि फॉर्मेलिनमधला एक बेडूक. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीची मंडळी स्नेहसंमेलनावर, कबड्डीवर आणि छडीवर लिहितीलच. मी बुरशीवर लिहितो. माझं कृषी सेवा केंद्र तिच्याच जिवावर चालतं.

विज्ञानाच्या सरांना आम्ही पाठीमागे ‘बुरशी सर’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. एकदा त्यांनी कुणाच्या तरी डब्यातली उरलेली भाकरी घेतली, पाणी शिंपडलं आणि वाडग्याखाली झाकून कपाटात ठेवली. शेजारी ओल्या फडक्यात मोड आलेले मूग. काही दिवसांनी कपाट उघडलं तर मुगाचे कोंब लांबच लांब, पिवळे पडलेले, मान टाकलेले. भाकरीवर मात्र पांढऱ्या तंतूंचं दाट रान माजलेलं, वर काळे ठिपके.

“सांगा, उजेडावाचून कुणाचं अडलं न्हाई?”

सुईच्या टोकानं थोडे तंतू उचलून सरांनी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सोडले, आरसा खिडकीकडे फिरवला आणि आम्हाला रांगेत उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा दिसली एक पारदर्शक काडी, तिच्या टोकाला काळा गोळा आणि तो फुटून भोवती सांडलेले बीजाणू. मागचा ढकलत होता, तरी मी डोळा काढला नाही.

जुन्या पद्धतीत शैवालं आणि बुरशी दोन्ही वनस्पतींतच, थॅलोफायटा या नावाखाली. लिनियस या निसर्गशास्त्रज्ञानं १७३५ साली सजीवांच्या दोनच सृष्टी केल्या होत्या, वनस्पती आणि प्राणी. १८६६ मध्ये हेकेलनं प्रोटिस्टा ही तिसरी जोडली, बहुतेक एकपेशीय जिवांची. सरांनी मात्र फळ्यावर पाच रकाने आखले: मोनेरा (म्हणजे केंद्रक नसलेले जीव), प्रोटिस्टा, कवकं (म्हणजे आपली बुरशी), वनस्पती, प्राणी. ही रॉबर्ट व्हिटाकर यांची १९६९ सालची मांडणी. नावं पाठ झाली नाहीत तरी सर रागवत नसत. प्रत्येक जिवाला दोन गोष्टी विचारायच्या, एवढाच त्यांचा आग्रह: खातो कसा आणि पेशीभित्तिका कशाची? वनस्पती अन्न तयार करते, प्राणी गिळतो. बुरशी पाचकरस बाहेर सोडते, अन्न जागेवरच विरघळवते आणि मग शोषून घेते. तिची भित्तिका कायटिनची, टोळाच्या कवचात असतं तेच. “म्हंजे अळंबी टोळाची पाव्हणी व्हय सर?” असं कुणीतरी विचारलं आणि वर्ग हसला. पुढे रेणूंच्या अभ्यासातून खरंच ठरलं की कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची.

ही विद्या दुकानात रोज लागते, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. ज्वारीवरचा काणी रोग ही खरी बुरशी; पेरणीआधी बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळलं की दाणे काणी आटोक्यात राहते. बाजरीचा केवडा रोग, ज्याला कुणी गोसावी म्हणतं, दिसायला बुरशीसारखाच, पण तो खरी बुरशी नव्हे. त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं आणि त्याचं नातं शैवालांशी. तिथं गंधकाचा उपयोग नाही, मेटॅलॅक्सिल हे औषधच लागतं. आणि ते काणीवर वाया जातं. द्राक्षवाल्यांचंही तसंच. भुरी ही खरी बुरशी, डाऊनी केवड्याच्या गोतातली.

मृगाच्या तोंडावर हमखास कुणीतरी तुरीचं बी घेऊन उभा राहतो. “मालक, समदं एकातच कालवून टाकू का?” पुड्यांवरचं बारीक अक्षर वाचायची फुरसत त्या दिवसांत कुणालाच नसते. थायरम हे बुरशीनाशक, ते आधी. रायझोबियम हे जिवाणू, ते सगळ्यात शेवटी, आणि बी सावलीतच सुकवायचं. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी, रोगाच्या बुरशीशी लढणारी; तिच्यासोबत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलं तर ट्रायकोडर्माचे पैसे पाण्यात. कंपन्यांचे प्रतिनिधी हे सांगत नाहीत, त्यांना दोन्ही पुडे खपवायचे असतात.

सरांनी आमची सहल लोणारला नेली होती. लोणार विदर्भात, पण जालना जिल्ह्यातल्या आपल्या मंठ्याच्या पलीकडेच. सरोवराचं पाणी हिरवं होतं. तो हिरवा रंग नीलहरित जिवाणूंचा, त्यांना मोनेरात टाका, असं सर काठावर उभं राहून सांगत होते आणि आमचं लक्ष माकडांकडे. पुढे जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं. पाणी आटून क्षार वाढले आणि मिठात वाढणारे हॅलोआर्किया, म्हणजे आर्किया गटातले सूक्ष्मजीव, फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. आर्कियांना जिवाणूंसारखंच केंद्रक नसतं. पण कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्यांचा रायबोसोमल आरएनए तपासून ती वेगळीच शाखा असल्याचं दाखवलं, आणि १९९० मध्ये वूज आणि सहकाऱ्यांनी सगळ्या सजीवांचे तीन अधिक्षेत्रांत भाग पाडले: जिवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेले बाकी सगळे.

टाळेबंदीचे दिवस होते. मी सरांना फोन लावून हे सगळं सांगितलं. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आवाज तोच.

“म्हंजे आपला मोनेराचा रकाना मधोमध फाडावा लागंल की रे,” ते म्हणाले. मग मला बोलू न देता, “ते ऱ्हाऊ दे. यंदा बाजरीचं बी कोणतं देतोस? मागच्या साली माझ्या वावरात केवडा लई होता.”