धीर धरा म्हणणारं पत्र

अमेरिकेतल्या जेफ्री एपस्टीनचं, अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण करणाऱ्या त्या धनाढ्य माणसाचं, नाव निघालं की लोक पहिलं विचारतात, त्याच्या ओळखीच्या बड्या लोकांच्या यादीत कोण कोण होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत त्याच्या केसच्या सरकारी फाइल्स उघड करायचा कायदा झाला तेव्हापासून तर जास्तच, कुठलाही व्हिडिओ लावा, कुठलीही चर्चा ऐका, नुसती नावं. नावं कळायलाच हवीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मध्यंतरी मी या केसमधले कोर्टाचे निकाल वाचत बसले होते (वकील नाहीये मी, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले, कितीतरी रात्री गेल्या त्यात) आणि तेव्हापासून एक पत्र काही डोक्यातून जात नाहीये.

जानेवारी २००८ चं पत्र. एफबीआयकडून पीडित मुलींना गेलेलं. त्यात लिहिलंय की तुमच्या केसचा तपास चालू आहे, अशा कामाला खूप वेळ लागू शकतो, तुम्ही आत्तापर्यंत धीर धरलात तसाच पुढेही धरा. बस, एवढंच. वाचणाऱ्या मुलीला वाटणार की चला, काम चालू आहे, थांबूया.

आणि खरं काय होतं? २४ सप्टेंबर २००७ ला, म्हणजे हे पत्र जायच्या साडेतीन महिने आधी, मायामीच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, सरकारी वकिलांच्या ऑफिसने एपस्टीनशी लेखी करार करून टाकला होता. ५३ पानांचं आरोपपत्र लिहून तयार होतं, ते दाखल करायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी त्याने फ्लोरिडा राज्याच्या कोर्टात त्यामानाने हलकी दोन कलमं कबूल करायची, १८ महिने शिक्षा घ्यायची, आणि बदल्यात त्या ऑफिसकडून फेडरल खटला कायमचा नाही, त्याच्यावर नाही आणि त्याच्या साथीदारांवरही नाही. चार साथीदारांची नावं होती आणि पुढे ‘इतर कोणी असल्यास तेही’ असा अर्थ होईल अशी मोघम भाषा होती. हा कागद कुठल्याही सार्वजनिक रेकॉर्डवर येणार नाही हेही त्यातच लिहिलेलं. तीसहून जास्त मुली, सगळ्या तेव्हा अल्पवयीन, आणि सही व्हायच्या आधी एकीलाही कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही.

३० जून २००८ ला त्याने राज्याच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी सरकारी वकिलांकडून मुलींच्या वकिलाला फोन गेला की सोमवारी सकाळी कोर्टात प्ली, म्हणजे गुन्ह्याची कबुली, आहे. ही कबुली दिली की फेडरल केसही त्याच क्षणी संपणार, हे त्या फोनवर सांगितलंच नाही. ज्या एका वाक्यासाठी फोन करायला हवा होता नेमकं तेच वाक्य गिळलं. मग १८ महिन्यांतले साधारण १३ महिनेच त्याने काढले, तेही आठवड्यातले सहा दिवस, दिवसाचे बारा बारा तास ‘कामासाठी’ तुरुंगाबाहेर, हे सगळं आता जगाला माहीत आहे. पण शिक्षा किती कमी झाली यापेक्षा मला ते पत्र जास्त लागतं. कमी शिक्षा हा चुकीचा निर्णय असेल, पण निर्णय झाल्यावरही ‘तपास चालू आहे, धीर धरा’ असं लिहून पाठवणं म्हणजे त्या मुलींच्या तोंडाला सरळ पानं पुसणं होतं.

सरकारची बाजूही मी नीट वाचली, ती सांगायला हवी. त्यांचं म्हणणं असं की करार झाला तरी एपस्टीनचे वकील वॉशिंग्टनला वरपर्यंत जाऊन तो मोडायच्या मागे होते, त्यामुळे खटला उभा राहायची शक्यता होतीच आणि तपास खरंच बंद नव्हता. दुसरं म्हणजे करारात मुलींना नुकसानभरपाई मिळायची सोय होती, ती आधीच सांगितली असती आणि पुढे खटला चालला असता तर बचावाच्या वकिलांनी उलटतपासणीत म्हटलं असतं की या पैशासाठी बोलतायत. हा दुसरा मुद्दा अगदीच पोकळ नाही, साक्षीदाराला असं फाडलं जातं हे खरंच आहे. पण म्हणून मुलींना करार झालाय हेसुद्धा सांगायचं नाही? भरपाईचा तपशील बाजूला ठेवून ‘फेडरल खटला न चालवण्याचा विचार आहे, तुमचं म्हणणं काय’ एवढं विचारता आलं असतं. आणि त्या काळातला पत्रव्यवहार वाचला की दिसतं की मुलींना काय कळवायचं, कधी कळवायचं यावर आरोपीच्या वकिलांशी घासाघीस चालली होती. म्हणजे पीडितेला काय कळावं हे ठरवण्यात आरोपीच्या वकिलांना जागा होती आणि पीडितेलाच नव्हती. हे वाचताना मी दोनदा मागे जाऊन बघितलं की आपण बरोबर वाचतोय ना.

आता प्ली डील म्हणजे काय हे थोडक्यात, आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि बदल्यात सरकारने सवलत द्यायची असा सौदा. हे सांगतेय कारण आपल्या बऱ्याच लोकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो हेडलीमुळे. मार्च २०१० मध्ये डेव्हिड हेडलीने शिकागोच्या कोर्टात १२ आरोप कबूल केले, माहिती द्यायचं मान्य केलं आणि बदल्यात फाशी नाही आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यांच्याकडे हस्तांतरण नाही. पुढे २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. २६/११ मध्ये १६६ माणसं गेली होती, त्यामुळे संताप झाला आणि तो समजण्यासारखा आहे, पण निदान तो करार कोर्टासमोर आला, कागद वाचायला मिळाला, शिव्या द्यायला तरी काहीतरी हातात होतं. एपस्टीनच्या वेळी तेही नव्हतं. आणि अमेरिकेत हे अपवादाने होतं असं समजू नका, २०१२ च्या एका निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टानेच आकडा दिलाय, फेडरल कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टांतल्या ९४ टक्के शिक्षा या गुन्हा कबूल करूनच होतात. साक्षीपुरावे, उलटतपासणी, ज्युरी हे जे सिनेमात दिसतं ते जवळजवळ घडतच नाही. म्हणजे न्याय जो काय होतो तो दोन वकिलांच्या बोलण्यात होतो. मग त्या बोलण्याची खबरच पीडितेला नसेल तर तिने कोर्टात जाऊन बघायचं काय?

बरं, कायदा नव्हता असंही नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये ‘क्राइम व्हिक्टिम्स राइट्स ॲक्ट’ झाला, खून झालेल्या पाच जणांची नावं त्या कायद्याला दिलेली आहेत. त्यांच्या घरच्यांना कोर्टाच्या दाराबाहेर बसवलं, तारखाच सांगितल्या नाहीत अशा अनुभवांतून तो आला. सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क, प्ली आणि शिक्षेच्या वेळी बोलण्याचा हक्क, सरकारी वकिलाशी चर्चा करण्याचा हक्क आणि सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क, सगळं लिहिलंय. एपस्टीनचा करार त्यानंतर तीन वर्षांनी झालाय.

आणि तेवढी एकच केस असती तर मी म्हटलं असतं, श्रीमंत आरोपी, मोठे वकील, एक वाईट प्रकरण. पण त्याच सुमाराला, ऑक्टोबर २००७ मध्ये, टेक्ससमध्ये दुसरं चाललं होतं. बीपी या तेल कंपनीच्या टेक्सस सिटीच्या रिफायनरीत मार्च २००५ मध्ये स्फोट झाला होता, १५ कामगार गेले, १७० च्या वर जखमी. सरकारी वकिलांनी कंपनीशी ५ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड ठरवली आणि तडजोड सही होईपर्यंत पीडितांना सांगायचं नाही अशी परवानगी कोर्टाकडून परस्पर, सीलबंद अर्जावर मिळवली. कारण काय दिलं तर पीडित फार आहेत, बातमी फुटेल, बोलणी फिसकटतील. करार झाल्यावर मग त्यांना पत्रं गेली, म्हणजे वरातीमागून घोडं. अपील कोर्टाने मे २००८ मध्ये स्पष्ट म्हटलं की हे कायद्याला धरून नव्हतं, संख्या जास्त आहे हे काही कारण होत नाही, आधी सांगायला हवं होतं, त्यांच्याशी बोलायला हवं होतं. पण पीडितांनी मागितला होता तो करार थांबवायचा आदेश काही दिला नाही, आणि २००९ मध्ये तोच करार, तोच दंड कोर्टात मंजूर झाला.

‘तुमचा हक्क डावलला गेला हे खरं आहे’ आणि लगेच ‘पण आता करता येण्यासारखं काही नाही’. ही दोन वाक्यं मी इतक्या निकालांत एकापाठोपाठ वाचली की शेवटी पान उलटायच्या आधीच पुढचं कळायला लागलं.

बोइंगचंही तेच. ७३७ मॅक्सची दोन विमानं पडली, ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं, एकूण ३४६ माणसं. जानेवारी २०२१ मध्ये न्याय खात्याने बोइंगशी अडीच अब्ज डॉलरचा करार केला, की कंपनीने तीन वर्षं नीट वागायचं आणि मग खटला सोडून द्यायचा. घरच्यांना आधी काहीच विचारलेलं नव्हतं. त्यांनी कोर्टात धाव घेतली तर सरकारचं उत्तर असं की गुन्हा काय, तर विमान खात्याच्या अधिकाऱ्यांची फसवणूक, त्यामुळे मेलेली माणसं कायद्याच्या भाषेत या गुन्ह्याची पीडितच नाहीत. मला हे पुन्हा लिहितानाही त्रास होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये जज रीड ओ’कॉनर यांनी ते फेटाळलं, ती माणसं पीडितच आहेत म्हणाले. जानेवारी २०२३ मध्ये फोर्ट वर्थच्या कोर्टात घरच्यांना पहिल्यांदा कंपनीसमोर उभं राहून बोलता आलं, करार होऊन दोन वर्षं झाल्यावर. आणि पुढच्याच महिन्यात त्याच जजनी सांगितलं की करार मोडायचा अधिकार मला नाही. नंतर बरंच झालं, कराराचा भंग, नवी प्ली, ती जजनी नाकारली, मग अजून एक करार, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केस शेवटी बंदच झाली, आणि ती बंद करतानाही जजनी लिहिलं की हे लोकांच्या हिताचं आहे असं मला वाटत नाही पण सरकारला अडवता येत नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो एपस्टीनच्या केसमधला कायद्याचा पेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये जज केनेथ मारा यांनी निकाल दिला होता की सरकारने या मुलींचा हक्क मोडला, ती पत्रं दिशाभूल करणारी होती. पुढच्या वर्षी न्याय खात्याच्या आतल्या चौकशीने म्हटलं की मायामीचे तेव्हाचे मुख्य फेडरल सरकारी वकील ॲकोस्टा यांनी ‘पुअर जजमेंट’ दाखवलं, पण गैरवर्तन नाही. आणि एप्रिल २०२० मध्ये अपील कोर्टाच्या तीन जजांच्या बेंचने दोन विरुद्ध एक असं ठरवलं की फेडरल आरोपपत्र दाखलच झालं नव्हतं, म्हणून हा कायदा लागूच होत नाही. आता बघा, आरोपपत्र दाखल का झालं नाही? कारण गुपचूप करार झाला. आणि करार गुपचूप होता तरी हक्क मोडला नाही, का? कारण आरोपपत्र दाखल झालं नाही. म्हणजे मुलींपासून जितकं लवकर आणि जितकं पूर्ण लपवाल तितके तुम्ही कायद्याच्या बाहेर. ज्या जजांनी हा निकाल लिहिला त्यांनीच त्यात ही देशाला लाज आणणारी गोष्ट आहे असंही लिहिलंय. २०२१ मध्ये ते त्याच अपील कोर्टाच्या सगळ्या जजांपुढे परत गेलं, तिथेही ७ विरुद्ध ४, केसच सुरू झालेली नसेल तर पीडितेला या कायद्याखाली स्वतःहून कोर्टात येता येत नाही.

मधल्या काळात, २०१५ मध्ये, कायद्यात एक वाक्य वाढवलं गेलं, की प्ली किंवा खटला पुढे ढकलण्याचा करार असेल तर पीडितांना ते वेळेवर कळवायला हवं. चांगलं आहे. पण ‘वेळेवर’ म्हणजे सहीच्या आधी की नंतर हे त्यात लिहिलेलं नाही, आणि कळवलं नाही तर तो करार रद्द होईल असंही कुठे नाही. बोइंगचा करार या दुरुस्तीनंतरचाच आहे.

मला एक जण म्हणाला की पीडितांना विचारत बसलं तर एकही केस निकाली निघणार नाही, प्रत्येकाला फाशीच हवी असते. एक तर हे खरं नाही, काहींना खटला नकोच असतो, परत सगळं सांगायचं नसतं, काहींना फक्त समोरच्याने कबूल केलेलं ऐकायचं असतं, प्रत्येकाचं वेगळं असतं आणि म्हणूनच तर विचारायचं असतं. आणि दुसरं, नकाराधिकार कोणी मागतच नाहीये. शेवटचा निर्णय सरकारी वकिलाचाच, तो राहू दे. वाटाघाटीतला प्रत्येक शब्द सांगा असंही नाही. पण सही करायच्या आधी एकदा समोर बसवून सांगा की आम्ही हे करणार आहोत, या कारणासाठी करणार आहोत, पुरावा इथे कमी पडतोय किंवा साक्षीची भीती वाटतेय, जे काय असेल ते, आणि तिचं ऐकून घ्या. ज्या वकिलाला हे तोंडावर सांगायची लाज वाटते त्याला तो करार करतानाही वाटायला हवी ना.

त्या मुलींपैकी एकीने ७ जुलै २००८ ला कोर्टात अर्ज केला होता, जेन डो असं नाव लावून, की मला विचारल्याशिवाय हे चाललंय, माझा हक्क पाळा. त्या दिवशी तिच्या हातात करारसुद्धा नव्हता, त्यात नक्की काय लिहिलंय तेही तिला माहीत नव्हतं. ती केस चालत राहिली, २०१९ च्या जुलैत एपस्टीनला परत अटक झाली, ऑगस्टमध्ये तो कोठडीत मेला, आणि केस तरीही चालूच, कारण तिचं भांडण त्याच्याशी नव्हतं, सरकारशी होतं. २२ फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तिचं अपील ऐकायला नकार दिला. नकाराचं कारण त्यात दिलेलं नाही.