मेंढी, भुयार आणि भूगोलाचे सर

आमची बॅच १९९४ ची. कराडात शाळा आणि वर्गाच्या खिडकीतून आगाशिवचा डोंगर दिसायचा, त्यामुळं त्याच्या गोष्टी आम्हाला पाढ्यांसारख्या पाठ. लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिलं, आणि आतून जे भुयार निघतं ते थेट वसंतगडावर जातं, त्यात सोडलेली मेंढी तिकडं बाहेर आली. मेंढीचं मला आजोबांनी सांगितलेलं, म्हणजे ते खरंच.

नववीत एका शनिवारी शाळा सुटल्यावर भूगोलाचे सर आम्हाला जखिणवाडीवरनं वर घेऊन गेले. मी मेंढी सांगितली. सर रागावले नाहीत, म्हणाले, "बरं बाळ, भुयाराचं तोंड दाखव मला." मी एका लेण्याच्या कडेचं काळं भोक दाखवलं, आत गार वास, वटवाघळं. सरांनी सुतळीला दगड बांधून आत सोडला, तो पाण्यात पडला आणि जरा वेळानं तळाला टेकला. ते पाण्याचं टाकं होतं, पावसाचं पाणी साठवायला भिक्खूंनी खोदलेलं. मग सरांनी माझं बोट धरून भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणेत ठेवलं. तिरप्या, एकीला लागून एक, अशी अख्खी भिंत. "हे एका रात्रीचं काम वाटतं का रं तुला?"

खाली उतरताना त्यांनी सांगितलं की मध्य प्रदेशात भरहुतच्या स्तूपावर 'करहकट' गावाच्या दानाचा लेख कोरलेला आहे, आणि करहकट म्हणजे आपलं कराड असं अभ्यासक मानतात. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या गावानं एवढ्या लांब दान पाठवलं हे ऐकून मला जे वाटलं ते मेंढीच्या गोष्टीनं कधी वाटलं नव्हतं.

सर कुठलीही गोष्ट ऐकली की तेच विचारायचे, कुणी बघितलं, कुठं, आणि हाताला काय लागलं?

मागच्या वर्षी बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला, अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रचंड दरीत शिव आणि विष्णूची मंदिरं आहेत, आत गुप्त शहर आहे, सरकार लपवतंय. मी दोन रात्री बसून वाचून काढलं. नावं खरी आहेत, 'शिव टेंपल', 'विष्णू टेंपल', पण ते नुसते खडकाचे डोंगर आहेत, क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १८८० च्या सुमारास त्यांना ही नावं दिली. शिव टेंपलच्या माथ्यावर १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमची माणसं चढली, ती तिथल्या प्राण्यांचा अभ्यास करायला. आणि गुप्त शहराचं मूळ म्हणजे ५ एप्रिल १९०९ ची 'अ‍ॅरिझोना गॅझेट' या वर्तमानपत्रातली एक बातमी. किंकेड नावाच्या माणसाला उभ्या कड्यात गुहा सापडली, आत ममी, बुद्धासारखी मूर्ती, पन्नास हजार माणसं राहतील एवढी जागा, आणि स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन संस्थेचे कुणी प्रोफेसर जॉर्डन काम बघतायत. स्मिथसोनियनच्या नोंदीत त्या दोघांचीही नावं नाहीत. एक फोटो नाही, एक वस्तू नाही, गुहा परत कुणाला दाखवता आली नाही. म्हणजे सरांच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही, मग मी ती गोष्ट खरी कशी धरू?

तसं ग्रुपवर लिहिलं तर आमच्यातला एकजण नाराज झाला, म्हणाला मग तिथं काहीच नाही का? आहे की. त्याच दरीतल्या नानकोवीप नावाच्या जागी कड्यात जवळपास नऊशे वर्षांपूर्वीची धान्याची कोठारं आहेत, दगडात बांधलेली, खालून बघितली तर ओळीनं चौकोनी खिडक्या. आणि गुहांमध्ये विलो झाडाची एकच डहाळी मधोमध चिरून, वाकवून, गुंडाळून केलेले हरणासारखे प्राणी सापडलेत, तळहातावर बसतील एवढे, त्यातले काही चार हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे आमच्या लेण्यांच्या दुप्पट जुने. कुणीतरी ते मुद्दाम आत नेऊन दगडांच्या ढिगाखाली ठेवलेले.

तो म्हणाला, फोटो आहे का? आहे म्हटलं, आणि पाठवला.