दर दोन तासांनी कूस: आमच्या केंद्राची वाटचाल

सांगलीच्या गावभागात, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत, २००९ सालच्या जून महिन्यात आमच्या रुग्णसेवक प्रशिक्षण केंद्राची पहिली तुकडी बसली. अकरा मुली होत्या. त्यांतील चौघी जत आणि कवठेमहांकाळकडच्या, म्हणजे घरची शेती पावसावर आणि बारावीनंतर पुढे काय याचे उत्तर कोणाकडेच नाही, अशा घरांतल्या. मी स्वतः जीएनएम, म्हणजे तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली परिचारिका असून त्याआधी चौदा वर्षे मिरजेच्या एका रुग्णालयात नोकरी केली होती. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे गाव झाले, आणि अथणी-विजापूरकडचे रुग्णही आजतागायत इथेच येतात. परंतु अर्धांगाचा रुग्ण बरा वाटून घरी गेला की पंधरा दिवसांत, एकाच कुशीवर पडून राहिल्याने झालेली पाठीची जखम घेऊन परत यायचा. डिस्चार्ज कार्डावर ‘दर दोन तासांनी कूस बदलावी’ असे आम्हीच लिहीत असू. ते करणारे हात घरी नसत. ते हात तयार करावेत, एवढाच विचार केंद्र काढण्यामागे होता.

या कामात पहिली भागीदारी लाभली ती माझ्या निवृत्त मेट्रनबाईंची, म्हणजे रुग्णालयातल्या आमच्या मुख्य परिचारिकेची. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम घातली आणि शिवाय स्वतः शिकवायला उभ्या राहिल्या. मोडीत निघालेली एक फाउलर कॉट, म्हणजे हँडल फिरवून वर-खाली करता येणारी रुग्णाची खाट, आम्ही मिरजेहून टेम्पोत घालून आणली. तिच्या पायथ्याचा हँडल निम्म्यावर येऊन घसरत असे, त्यामुळे डोक्याकडची बाजू पंचेचाळीस अंशांवर ठेवायची असली तर एका मुलीला हँडल धरून बसावे लागे. दोघांनी एकाच वेळी ऐकता येईल असा जोड नळ्यांचा स्टेथोस्कोप, एक डायलचे बीपी यंत्र, अंथरूण ओले होऊ नये म्हणून घालायचे रबराचे मॅकिंटॉश, त्यावर घालायच्या चार ड्रॉशीट, दोन किडनी ट्रे, बेडपॅन, युरिनल आणि कापडाचा भरीव पुतळा, एवढे आमचे भांडवल. पुतळा मेट्रनबाईंनी स्वतः शिवला होता आणि त्यात वाळूच्या पिशव्या घालून त्याचे वजन साठ किलो केले होते, कारण हलका पुतळा उचलून शिकलेली मुलगी खरा माणूस उचलताना स्वतःची कंबर मोडून घेते. आज बाजारात हजारो रुपयांचे प्लॅस्टिकचे पुतळे मिळतात. त्यांना नाकातून रायल्स ट्यूबही, म्हणजे पोटात पातळ अन्न पोचवणारी नळी, घालता येते, पण वजनाला ते पोरासारखे असतात. नव्याने केंद्र काढणाऱ्याने पुतळा घेण्याआधी तो एकदा स्वतः कुशीवर वळवून पाहावा.

आमच्याकडून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारी मुलगी नर्स नसते, हे आम्ही पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो. एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिकेला, दोन वर्षे लागतात, जीएनएमला तीन. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. रुग्णसेविका स्पंज बाथ देते, अंथरूण बदलते, तोंड स्वच्छ करते, भरवते, तापमान-नाडी-बीपी लिहून ठेवते, कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी रिकामी करून मोजते. कॅथेटर घालत नाही, इंजेक्शन देत नाही. हे मर्यादेचे भान शिकवायला मला बीपी शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आणि याच भानावर आमचा धंदा २०१४ साली बुडता बुडता राहिला, म्हणून तो प्रकार सविस्तर लिहिते.

प्रशिक्षण संपलेल्या मुलींना घरोघरी काम मिळवून देण्यासाठी आम्ही एक समन्वयक ठेवला होता. बोलका, दुचाकीवर दिवसभर फिरणारा तरुण. कोणत्या डॉक्टरांचा फोन आला, कोणत्या घरी दिवसपाळी, कोणत्या घरी चोवीस तास, कोणाचे पैसे थकले, हे सारे त्याच्या हातच्या लांबट नोंदवहीत असे. पाच वर्षे तो आमच्याकडे होता आणि त्या पाच वर्षांत त्याच्याविषयी माझी एकही तक्रार नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवते. २०१४च्या मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्याच्या ब्युरोचा फलक लागला. ‘नर्स, आया, वॉर्डबॉय चोवीस तास मिळतील.’ नोंदवही आमच्या कपाटातच होती. फक्त तिच्यातील प्रत्येक क्रमांक त्याने आधीच उतरवून घेतला होता.

त्याची पद्धत साधी होती. आमचा वर्ग चार महिन्यांचा आणि फी भरून. त्याच्याकडे तीन दिवस बसले की चौथ्या दिवशी ड्यूटी आणि रोजच्या रोज रोख. जतहून आलेल्या मुलीला खोलीचे भाडे महिनाअखेरीस द्यावे लागते, चार महिन्यांनी नव्हे. त्यामुळे पाचवा आठवडा लागला की एकेक जागा रिकामी होऊ लागली. तेवीस मुलींची तुकडी जूनपर्यंत चौघींवर आली. त्या चौघींनाही मी शिकवत राहिले, पण वाड्याचे भाडे तीन महिने थकले, मेट्रनबाईंचे मानधन थांबले आणि माझ्या पाटल्या गहाण पडल्या. घरचे म्हणू लागले की पुन्हा नोकरी धर. एक हितचिंतक तर असेही म्हणाले, की तूही तीन दिवसांचा वर्ग काढ, लोकांना फरक कळत नाही. लोकांना फरक कळत नाही हे खरेच आहे. तो पाठीच्या जखमेला कळतो.

खरा घाव त्याच वर्षी पावसाळ्यात बसला. आमच्या वर्गात जेमतेम तीन आठवडे बसलेली एक मुलगी ब्युरोमार्फत सांगलीतल्या एका घरी गेली होती. अंगावर आमचाच फिकट निळा ॲप्रन, कारण तो परत घ्यायचे आम्ही विसरलो होतो. रायल्स ट्यूबने पेज देताना तिने रुग्णाला उताणेच ठेवले. ट्यूब जागेवर आहे की नाही हे पाहिले नाही आणि फीड झाल्याबरोबर पाठ खाली केली. पेज फुप्फुसात उतरली. आजोबा अतिदक्षता विभागातून वाचून परत आले, हे नशीब. वास्तविक आमच्या वर्गात रायल्स फीड सातव्या आठवड्यात शिकवतात, आणि त्याआधीच ती निघून गेली होती. परंतु गावात बोलले गेले ते ‘निळ्या ॲप्रनच्या बाईने केले’ असे. दोन डॉक्टरांनी रुग्ण पाठवणे बंद केले. मी दोघांना भेटून सांगितले, प्रवेशाचे आणि हजेरीचे कागद दाखवले. त्यांनी ऐकून घेतले. फोन मात्र आले नाहीत. त्या ब्युरोवाल्याने त्या घरी जाऊन साधी चौकशीही केली नाही, आणि हे मी आजही विसरलेले नाही.

आम्हाला त्यातून बाहेर काढले ते विश्रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. त्यांच्या पत्नीला २०१२मध्ये अर्धांग झाला होता. मी प्रथम त्यांच्या घरी गेले तेव्हा खोलीच्या दारातच जखमेचा वास आला. आधीच्या आयाबाईने माकडहाडाखाली हवेची रबरी रिंग ठेवली होती आणि लाल झालेल्या कातडीवर रोज स्पिरिट चोळून पावडर टाकत होती. चूक तिचीही म्हणता येत नाही. स्पिरिट आणि पावडर तर आमच्या मेट्रनबाईंनीही एके काळी शिकवली होती, आणि लाल कातडी चोळू नये, रिंगने कडेच्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो, हे नंतर आम्ही दोघींनी पुस्तके काढून वाचले तेव्हा त्यांनी वर्गात उभे राहून ‘मी हे चुकीचे शिकवत होते’ असे सांगितले होते. गुरुजींकडे आम्ही रिंग काढली, अल्फा बेड, म्हणजे पंपाने आळीपाळीने हवा भरणारी गादी, टाकायला लावला, टाचा उशीवरून अधांतरी ठेवल्या आणि आमच्या दोन मुली दोन पाळ्यांना दिल्या. जखम भरायला चार महिने लागले.

गुरुजींना सवय शाळेची. त्यांनी एक शंभर पानी वही घेऊन तिच्यात रकाने आखले. वेळ, बाजू, सही. ‘डा’, ‘उ’, ‘पा’ अशी अक्षरे, म्हणजे डावी कूस, उजवी कूस, पाठ. रात्री दोनला डा, चारला पा, सहाला उ. मुलीने झोपेत नोंद चुकवली तर सकाळी गुरुजी लाल शाईने त्या रकान्याभोवती गोल काढत. रागावत मात्र नसत. आमच्यावर बालंट आल्याचे त्यांच्या कानावर गेले तेव्हा ते मला न कळवता तशा पाच वह्या पिशवीत घालून, रिक्षा करून, त्या दोन डॉक्टरांपैकी थोरल्यांकडे गेले. तिथे काय बोलणे झाले हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. डॉक्टरांनीच पुढे सांगितले, की गुरुजींनी फक्त वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, ‘यात लाल गोल किती आहेत ते मोजा.’ त्याच संध्याकाळी आम्हाला फोन आला.

डॉक्टरांचे फोन सुरू झाले, तरी धंद्याची चूक धंद्यातच दुरुस्त करावी लागते. मुलगी पाचव्या आठवड्यात का जाते, हे मला पहिल्या वर्षीच दिसायला हवे होते. आता पाचव्या आठवड्यापासून मुली जुन्या सेविकेच्या हाताखाली अर्धा दिवस जातात आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात, वर्ग दुपारी. ॲप्रन अनामत घेऊन देतो आणि त्यावर क्रमांक शिवलेला असतो. गुरुजींच्या वहीचे रकाने आम्ही छापून घेतले. ती वही प्रत्येक घरी जाते. आणि घरच्या मंडळींनाही सांगते: सेविका ठेवताना तिला प्रमाणपत्र विचारण्याआधी रुग्णाला कुशीवर कसे वळवते ते करून दाखवायला सांगा. जी हात ओढून वळवते तिला ठेवू नका. जी पलीकडचा गुडघा दुमडून, एक हात खांद्यावर आणि एक कमरेवर ठेवते आणि वळवण्याआधी रुग्णाला ‘आता वळवते हं, आजी’ असे सांगते, तिचे प्रमाणपत्र उद्या पाहिले तरी चालेल.

पुढची वर्षे बरी गेली. २०१५च्या जुलैत प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली तेव्हा जनरल ड्यूटी असिस्टंट हे आमच्या कामाला मिळालेले सरकारी नाव झाले, आणि आम्हीही अर्ज केला. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी कॅमेरे मोजले, हजेरीचे अंगठायंत्र पाहिले, स्वच्छतागृहाचे फोटो काढले. कॉटला हात लावला नाही. पैसे हप्त्याहप्त्याने, शेवटचा हप्ता मुलगी नोकरीला लागल्यावर. एक तुकडी करून आम्ही तो नाद सोडला, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, गावभाग बुडाला आणि मेट्रनबाईंचा पुतळा वाळूसकट पाण्यात राहिला. कापड कुजले, वाळू तेवढी आम्ही धुऊन ठेवली. त्यानंतर आम्ही सांगली-मिरज रस्त्याला पहिल्या मजल्यावर आलो. करोनाच्या काळात सरकारने १८ जून २०२१ रोजी कोविड योद्ध्यांसाठी सहा प्रकारचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत घरगुती शुश्रूषेचाही होता. ज्या कामाला लोक ‘आयाचे काम’ म्हणत होते, त्यासाठी तेव्हा आमदारांकडूनही फोन येत होते. ते थोडेच महिने टिकले.

ब्युरो अजून चालू आहे आणि माझ्या अंदाजाने आमच्यापेक्षा जास्त कमावतो. आता त्याच्या फलकावर ‘प्रशिक्षित’ हा शब्द वाढला आहे. त्याच्याकडच्या काही जणी आमच्याकडे पूर्ण शिकलेल्या आहेत, त्यामुळे तो शब्द सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही, आणि याचाच मला अधिक राग येतो.

गुरुजींच्या पत्नी २०१८मध्ये गेल्या. शेवटपर्यंत पाठीला पुन्हा जखम झाली नाही. तेराव्यानंतर गुरुजींनी अल्फा बेड, त्याचा पंप आणि वापरलेल्या सर्व वह्या केंद्राला दिल्या. पंप अजून चालतो. मेट्रनबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी येतात आणि खुर्चीत बसून शिकवतात. या वर्षी त्यांनी नवा पुतळा शिवायला घेतला आहे. वाळू जुनीच आहे. सध्याच्या तुकडीत अठरा मुली आणि तीन मुलगे आहेत, आणि गेल्या आठवड्यापासून कॉटचा हँडल पुन्हा घसरू लागल्यामुळे मुलग्यांपैकी एकाला आळीपाळीने तो धरून बसावे लागते.