काळं पाणी, खारा चिखल आणि ब्लेडचं ऊन: स्लोव्हेनियातली स्नानं

मोराव्स्के तोप्लित्सेचं पाणी काळपट आहे आणि त्याला रॉकेलच्या डब्यासारखा वास येतो. आई काठावरच थांबली. "अगं, हे पाणी बदललेलं तरी असेल का?" पाणी अगदी ताजं होतं. जमिनीतूनच ते तसं येतं.

स्लोव्हेनियाच्या ईशान्य टोकाला, मुरा नदीपलीकडे प्रेकमुर्ये नावाचा सपाट शेतीचा प्रदेश आहे. 1960च्या सुमारास इथे तेलाच्या शोधात विंधनविहिरी घेतल्या, तेव्हा खोलातून सुमारे 72 अंशांचं खनिजयुक्त पाणी वर आलं. लोक त्यात पाय बुडवून बसू लागले, सांधेदुखीवर उतार पडतो असं म्हणू लागले, आणि त्यातून आजचं मोठं स्नानगृह उभं राहिलं. अंगाला सोसेल इतपत निववून ते पाणी तलावात सोडतात. पाचेक मिनिटांत वासाची सवय होते. बाहेर आल्यावर त्वचा इतकी मऊ लागते की आई तिथून निघेपर्यंत स्वतःच्या हातावरून हात फिरवत होती.

आईच्या गुडघ्यांसाठीच हा प्रवास आखला होता. हा देश आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा, पण नकाशावर 'तोप्लित्से' म्हणजे गरम पाण्याचे झरे असलेली गावं जागोजागी दिसतात. रिम्स्के तोप्लित्सेच्या नावातच रोमन लोक आहेत. लाश्कोचं स्नानगृह 1854 साली सुरू झालं, त्याच सुमारास व्हिएन्नाहून येणारी रेल्वे या खोऱ्यातून गेली. रोगाश्का स्लातिनाला मात्र लोक मुख्यतः पाणी प्यायला जातात. तिथल्या पाण्यात लिटरमागे 1000 मिलिग्रॅमहून जास्त मॅग्नेशियम असतं आणि चव अशी की मी अर्धा पेला कसाबसा संपवला.

मला सगळ्यात आवडलं ते दोलेन्स्के तोप्लित्से. आउअर्सपेर्ग या सरदार घराण्याने 1658 साली इथे झऱ्यांवर स्नानगृह बांधलं. आजही आतले तलाव थेट झऱ्याच्या तोंडावर आहेत. पाणी साधारण शरीराच्याच तापमानाचं, त्यामुळे आत उतरल्यावर ना गरम वाटतं ना गार. तलावात सात-आठ म्हातारी माणसं ओळीने उभी होती, काठावर एक फिजिओथेरपिस्ट तरुणी हात वर करून मोजत होती आणि सगळे पाण्यात एकेक पाय उचलत होते. आईही त्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिला कोणी हटकलं नाही. उलट शेजारच्या आजींनी तिचा हात धरून कठड्यावर नीट ठेवला.

त्या आजींना थोडं इंग्रजी येत होतं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीच त्यांना इथे पाठवलं होतं. या देशात अशा ठिकाणांना झ्द्राविलिश्चे म्हणतात. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि विमा संस्थेने मंजुरी दिली, की इथल्या उपचारांचा खर्च सक्तीच्या आरोग्य विम्यातून होतो. हे ऐकून मी बराच वेळ पाण्यात नुसती उभी राहिले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे आहे, तुरळ आहे. पाणी तितकंच गरम, श्रद्धाही भरपूर. त्या कुंडांशी एखादा फिजिओथेरपिस्ट उभा राहावा, गुडघे धरलेल्या माणसाला तिथे उतरायला धड कठडा असावा, असं मला मनापासून वाटतं.

एक सूचना आधीच देते. सॉनाच्या, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्यांच्या भागात पोहण्याचे कपडे घालून जायला सहसा मनाई असते, फक्त चादर किंवा पंचा घ्यायचा. फलक स्पष्ट असतो आणि नियम सगळ्यांना सारखाच. पटत नसेल त्याने तलावापुरतंच तिकीट काढावं. आम्ही तेच केलं.

ब्लेड या तळ्याकाठच्या गावाला सगळे तळ्यातल्या बेटावरच्या चर्चचा फोटो काढायला जातात. मी गेले आर्नोल्ड रिक्लीसाठी. हा स्वित्झर्लंडमधल्या, कापड रंगवण्याचा कारखाना असलेल्या घरातला माणूस (1823–1906). 1850च्या दशकात त्याने या तळ्याकाठी निसर्गोपचाराची संस्था काढली. त्याचं म्हणणं असं: पाणी गुणकारी खरं, पण हवा त्याहून वरची आणि प्रकाश सगळ्यांच्या वर. पाहुण्यांना तो एका बाजूने उघड्या लाकडी झोपड्यांत झोपवायचा. सकाळी आखूड, सैल कपड्यांत, अनवाणी आसपासच्या टेकड्यांवर चालायला लावायचा. ते हवास्नान, त्यांच्या भाषेत झ्राच्ना कोपेल. मग उन्हात पडून राहायचं, ते सोन्चना कोपेल. त्यानंतर घोंगडीत गुंडाळून घाम काढायचा आणि शेवटी पाणी. बाष्पस्नान होतं, टबात कमरेपर्यंतच्या पाण्यात बसायचं कटिस्नानही होतं.

ही यादी ऐकताना आई म्हणाली, "हे तर उरुळीचंच की." खरंच तसं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहिलो होतो. तिथला दिवसही कटिस्नान, बाष्पस्नान, सूर्यस्नान आणि पोटावरची मातीपट्टी याच क्रमाने जायचा. गांधीजींनी 1946 साली तिथे उपचार सुरू केले. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी लुई कूने आणि आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं वाचून स्वतःवर प्रयोग केले होते. कूने, युस्ट आणि रिक्ली एकाच परंपरेतले, आणि रिक्ली त्यातला आधीचा. पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या त्या टबाचे भाऊबंद आल्प्सच्या पायथ्याशी भेटले, याचा मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी चपला हातात घेऊन तळ्याकाठच्या गवतावरून चाललो. दव बर्फासारखं गार होतं. आईला दहा मिनिटं पुरली, मी स्त्राझा टेकडीवर अर्ध्यापर्यंत गेले.

शेवटचे दोन दिवस एड्रियाटिक समुद्राकाठी, पोर्तोरोझजवळच्या सेचोव्ल्ये मिठागरांत. इथलं खारं पाणी आणि चिखल औषध म्हणून तेराव्या शतकातले बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती भिक्षूही वापरत. भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत नेत दाट होतं. शेवटच्या वाफ्यांच्या तळाशी शेवाळ, जिप्सम आणि मातीचा पातळ थर मुद्दाम राखतात, त्याला पेतोला म्हणतात. त्यामुळे मिठात माती मिसळत नाही आणि मीठ पांढरंशुभ्र निघतं. मीठ काढून उरलेलं दाट पाणी आणि मुरवलेला काळा चिखल स्नानाला येतो.

मिठागरांच्या मधोमध लेपा विदा नावाचं उघड्यावरचं स्नानस्थळ आहे. तिथल्या बाईंनी आईच्या गुडघ्यांवर चिखल थापला, तो सुकून भेगाळेपर्यंत बसवलं, मग खाऱ्या पाण्याने धुतला. छताचा आडोसा फारसा नाही. समोर बांध, वाफे, आणि लाकडी फावड्यांनी मीठ ओढणारी माणसं.

हे ठिकाण उन्हाळ्यापुरतंच उघडं असतं, त्यामुळे जागा आधी नोंदवा. टोपी आणि प्यायचं पाणी बरोबर असू द्या. अंगावर ताजा ओरखडा असेल तर खारं पाणी चांगलंच झोंबतं. तेव्हा त्या दिवशी स्नान टाळून मिठागरांच्या बांधांवरून चालून यावं.