आईने न पाहिलेला देव

पर्वतीवर कार्तिकस्वामीच्या देवळापाशी आलो की आई थांबायची. बाबा आणि दादा आत जाऊन यायचे, आम्ही दोघी बाहेर कठड्याशी उभ्या राहून पुणं बघायचो. "आपण नाही बघायचं त्याला," एवढंच ती सांगायची. गोष्ट आजीकडून कळली. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज, गणपतीने आईबापांनाच फेरी घालून ती जिंकली, हा रुसून निघाला आणि जाताजाता शापून गेला: जी बाई माझं तोंड बघेल ती सात जन्म विधवा होईल. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र आलं तर तेवढी सूट. आमच्या आईने ती सूटही कधी घेतली नाही.

आणि मी हिरवी साडी नेसून, गळ्यात माळ घालून, अनवाणी, पाळयंकोट्टैहून तिरुचेंदूरला निघाले होते. त्याच देवाचं तोंड बघायला. तिकडे त्याला मुरुगन म्हणतात.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे आलो. घरमालकीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, दर तैपूसमला पायी जाते. तै म्हणजे त्यांचा महिना, साधारण मध्य जानेवारीला सुरू होणारा. त्यातल्या पौर्णिमेच्या सुमाराचं पूसम, म्हणजे पुष्य नक्षत्र. मी आळंदी ते सासवड दोनदा चालले आहे, दिवे घाट चढले आहे, हे तिला एकदा फोटोसकट सांगून बसले होते. ते तिने लक्षात ठेवलं आणि डिसेंबरात विचारलं, येतेस का? मी शापाची गोष्ट मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली. रुसण्यापर्यंतची कथा तिचीही तीच होती, फक्त तिच्याकडे पैज फळासाठी होती आणि हा रुसून पळनीच्या डोंगरावर जाऊन बसला होता. "मग शाप कुठला?" ती म्हणाली. "त्याला तर दोन बायका आहेत."

दोन बायका. एक देवयानै, इंद्राची लेक, रीतसर लग्न लावून आणलेली. दुसरी वळ्ळी, शिकाऱ्यांची पोर, ज्वारी-बाजरीसारखं तृणधान्य राखत माळ्यावर बसलेली, जिच्यामागे देव म्हाताऱ्याचं सोंग घेऊन फिरला. हे ऐकताना मला हसूच फुटलं. माझं सासर सासवडचं, कुलदैवत जेजुरीचं. म्हाळसा वाण्याची, रीतसर. बाणाई धनगराची, तिच्यासाठी देवाने मेंढरं राखली. मी अक्काला म्हटलं, आमच्याकडेही एक असाच आहे. घोड्यावर बसतो, सहा दिवसांचं नवरात्र असतं त्याचं, षष्ठीला संपतं, राक्षस मारतो. आणि, बोटं दाखवून, रेंडु पोंडाट्टि. दोन बायका.

"रेंडु पोंडाट्टिया?" अक्का म्हणाली. "अप्पो मुरुगन्दान!" दोन बायका? मग तो मुरुगनच!

अभ्यासक यावर काय काय लिहितात ते लिहोत. अक्काने विषय एका वाक्यात मिटवला आणि माळ घालण्याच्या दिवसाला माझ्या तारखा मोजू लागली.

माळ घातली की मांसमच्छी बंद, चटईवर झोपायचं, पहाटे अंघोळ. आणि माळ घातलेल्याला सगळे "सामी" म्हणतात. भाजीवाला, रिक्षावाला, माझ्याशी कधी न बोलणारे समोरचे आजोबा, सगळे. वारीत एकमेकांना माऊली म्हणायची सवय असल्याने मला ते जड गेलं नाही. नवऱ्याला मात्र गेलं. दहा दिवस घरात सामीला चहा करून द्यावा लागला.

तिरुनेलवेली ते तिरुचेंदूर साधारण 55 ते 60 किलोमीटर. आम्ही अकरा जण दुपारी तीनला निघालो, दोन मुक्काम धरून. मी मनात वारीची शिस्त घेऊन आले होते: दिंडीचा नंबर, विणेकरी, झेंडेकरी, कोण कुणाच्या मागे हे ठरलेलं. इथे तसलं काही नाही. कोणी पुढे, कोणी मागे, कोणी झाडाखाली आडवा. मधूनच एखाद्या टोळीचा टेंपो, त्यावर फुलांनी मढवलेला मुरुगनचा फोटो, झगमगते दिवे आणि कान किटतील असा भोंगा. भोंग्याबद्दल माझं मत सांगायला नको. टाळ-मृदंगाच्या ठेक्यात पाय आपोआप पडतो; भोंग्यापुढे पाय फक्त पळतो. पण टेंपो पुढे गेला की मागून एखादा म्हातारा आवाज यायचा, "वेट्रिवेल मुरुगनुक्कु", आणि रस्त्याच्या दोन्ही कडांवरून अंधारातून उत्तर, "अरोहरा!" ते चांगलं वाटायचं. हर हरो हरा यापासून तो शब्द आला म्हणतात.

कृष्णापुरम दिवस मावळता लागलं. तिथल्या वेंकटाचलपतीच्या देवळातले दगडी खांब बघायचे होते, पण अक्का थांबेना. सैदुंगनल्लूरजवळ एका मंगल कार्यालयात पाठ टेकली. पोलिसांनी पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. झोपलेल्या सगळ्या सामी खिडकीतून गाडीचा झोत आला की चमकायच्या.

दुसरा दिवस खरा. सकाळी करुंगुळम मागे पडलं आणि रस्त्याकडेला लाल मुरमाची पसरट टेकाडं दिसायला लागली. हे आदिच्चनल्लूर. लोहयुगातली दफनभूमी, माणूस मावेल एवढ्या रांजणांत पुरलेले लोक. अलेक्झांडर रे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1899 पासून इथे उत्खनन केलं, त्यात लोखंडी भाले निघाले, कांस्याचे कोंबडे निघाले, सोन्याच्या पातळ मुखपट्ट्या निघाल्या. आता बघा: मुरुगनच्या हातात भाला, ज्याला वेल म्हणतात, आणि त्याच्या ध्वजावर कोंबडा. त्याच वेळी माझ्यापुढून एक तरुण चालला होता, गालातून आरपार चांदीचा बारीकसा वेल टोचून घेतलेला, तोंड बंद. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे ते लोक याच देवाचे होते का, हे कुणी छातीठोक सांगू नये. मी आपली त्या पोराच्या मागे गुपचूप चालत राहिले.

पुढे ताम्रपर्णीच्या काठाकाठाने भात आणि केळी. हिरवं इतकं की आमच्या साड्या त्यात दिसेनाशा झाल्या. पण डांबर तापायला लागलं होतं. सवयीची पावलं असलेले लोक रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालत होते, एकामागे एक, तारेवरच्या चिमण्यांसारखे. मला वाटलं, आली बाई शिस्त एकदाची. तर अक्काने हाताला धरून मलाही त्या पट्ट्यावर ओढलं. पांढरा रंग कमी तापतो. वीतभर रुंदीची गारव्याची रेघ, तीही जिथे रंग उडालाय तिथे तुटलेली. तुटल्या जागी सगळी रांग टणाटण उड्या मारत पुढच्या रंगावर जायची. त्या दिवशी मी देवापेक्षा जास्त वेळ रस्ता रंगवणाऱ्याचं चिंतन केलं.

श्रीवैकुंठमच्या अलीकडे एका मांडवातून पोरगा ओरडत आला, "मोर! मोर!" मी वर झाडाकडे बघितलं. मुरुगनचं वाहन, म्हटलं दर्शन दिलं बघ. पोराने माझ्या हातात प्लास्टिकचा पेला ठेवला. तमिळमध्ये मोर म्हणजे ताक. आलं, कढीपत्ता, हिंग घातलेलं, पाण्यासारखं पातळ. चार पेले प्यायले. बाकी रस्ताभर चिंचेचा भात, दहीभात, पनंकिळंगु म्हणजे ताडाचे उकडलेले कोंब, आणि ताडगूळ घातलेली सुंठीची काप्पी. वाढणाऱ्यांत एक टोपी घातलेले मुसलमान काका होते, ते पाण्याच्या बाटल्या देताना प्रत्येकाला "सामी" म्हणत होते.

टाचेला मोठा फोड आला तो आळ्वारतिरुनगरीत. गंमत म्हणजे हे विष्णूचं गाव, नवतिरुपतींपैकी, म्हणजे विष्णूच्या नऊ देवळांपैकी एक, तमिळ संतकवी नम्माळ्वारांचं. नम्माळ्वार जन्मापासून बोलले नाहीत, चिंचेच्या झाडाखाली 16 वर्षं बसून राहिले, आणि मग बोलले ते थेट तिरुवाय्मोळी, 1102 पद्यं. ती चिंच देवळात आजही दाखवतात. तिची पानं रात्री मिटत नाहीत म्हणून तिला न झोपणारी चिंच म्हणतात. मला आळंदीचा अजानवृक्ष आठवला. बाकीचे जेवायला गेले, मी लंगडत आत जाऊन त्या झाडाला हात जोडून आले. मुरुगनच्या वारीत विष्णूकडे वाट वाकडी केली म्हणून अक्का रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मामाकडे जाऊन आलीस, बरं केलंस." विष्णू हा मुरुगनचा मामा, पार्वतीचा भाऊ. इथे देवांची नाती अशी घरातल्यासारखी बोलली जातात. मग तिने माझी टाच मांडीवर घेतली आणि कडुनिंबाचं तेल लावून चिंधी बांधली. मी लाजून पाय मागे घेत होते, ती सोडेना. सामीचा पाय म्हणे.

रात्री तेन्तिरुप्पेरैला तीन-चार तास पडलो आणि पहाट व्हायच्या आत उठून शेवटचा टप्पा धरला. कुरुंबूरनंतर हवेला वेगळा वास यायला लागला. मी त्याला खारट म्हणणार होते, पण खरं तर वास कापूर, शेण आणि माशांचा होता. उजाडताना नारळी-ताडांच्या वर नऊ मजली गोपुर दिसलं आणि अकराच्या अकरा जण रस्त्यातच थांबले. पंढरीचा कळस पहिल्यांदा दिसतो तिथे लोक असेच थांबतात. कुणी काही बोललं नाही. एकजण रडला आणि दुसऱ्याने त्याच्याकडे न बघता त्याच्या हातातली पिशवी घेतली.

मुरुगनच्या सहा मुख्य ठाण्यांना आरुपडै वीडु म्हणतात. त्यातलं समुद्रावरचं हे एकच. शूरपद्म राक्षसाशी शेवटचं युद्ध इथे झालं. शूर आंब्याचं झाड होऊन उभा राहिला, मुरुगनने वेलीने, म्हणजे त्या भाल्याने, ते झाड चिरलं, एक फाक मोर झाली आणि एक कोंबडा. मोर वाहन केला, कोंबडा ध्वजावर घेतला. आमच्या जेजुरीतही मणी राक्षसाला देवाशेजारी जागा मिळालीच की. शत्रूला ठार मारून विसरून जायचं, हे दोघांनाही जमलेलं दिसत नाही.

आधी समुद्र. साडीसकट, फोडासकट. फोडाला मीठ लागल्यावर जे तोंडातून निघालं ते मराठीत होतं आणि शेजारच्या बाईने उत्तर दिलं, "अरोहरा." मग नाळिक्किणरु: समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पायऱ्या उतरून एक हातभर चौकोनी झरा. युद्धानंतर सैन्याला तहान लागली म्हणून देवाने वेल मारून काढला म्हणतात. शेजारी अख्खा समुद्र आणि हे पाणी गोडं. अंगावरचं मीठ त्याने धुतलं.

फोन बाहेरच ठेवावे लागतात. मद्रास उच्च न्यायालयाने 2022 मध्ये देवळात मोबाइल नेण्याला मनाई केली तेव्हापासून. मला ते बरंच वाटलं. रांगेत चार तास. त्या चार तासांत अक्काने मला षण्मुखाची गोष्ट सांगितली. 1648 च्या सुमारास डचांनी देऊळ बळकावलं होतं, जाताना ही उत्सवमूर्ती जहाजावर घालून नेली. वादळ उठलं, घाबरून त्यांनी ती समुद्रात टाकली. पाच वर्षांनी वडमलैयप्पन नावाच्या माणसाला स्वप्न पडलं: जिथे लिंबू तरंगत असेल आणि वर घार घिरट्या घालत असेल तिथे बुडी मारा. 1653 मध्ये मूर्ती वर आली. मी म्हटलं, आमचा विठोबाही असाच हंपीला गेला होता, भानुदासांनी परत आणला. अक्काने मान डोलावली. देव घरून जातात आणि परत येतात, यात तिला नवल नव्हतं.

तो षण्मुख बघितला, सहा तोंडांचा, दोन्हीकडे दोन बायका. मला वाटत होतं, झालं, शापाची वाट लागली. मग गर्दीने मला मुख्य गाभाऱ्यासमोर ढकललं. आणि तिथे तो एकटा होता. युद्ध संपवून शंकराची पूजा करायला उभा राहिलेला, हातात फूल, जटा बांधलेल्या, पूर्वेला समुद्राकडे तोंड. वळ्ळी आणि देवयानै आपापल्या वेगळ्या देवळीत. म्हणजे आजीचा तो रुसून एकटा निघालेला कार्तिकस्वामी मला अखेर दोन बायकांच्या नवऱ्याच्या घरीच सापडला. मोजून चार सेकंद. पुजाऱ्याने पन्नीर नावाच्या झाडाच्या पानात विभूती दिली, मागून कुणीतरी "पोंग, पोंग", म्हणजे चला, चला, केलं, आणि मी बाहेर.

पान उघडून बघितलं. हिरव्या पानावर शिरा उठलेल्या, मध्ये राखाडी चिमूट. शिरा बारा असतात, देवाचे बारा हात, असं अक्का म्हणाली. मी मोजल्या, मला अकरा आणि एक अर्धी मिळाली. "नीट मोज," म्हणाली.

फोन परत घेऊन समुद्राकडच्या भिंतीवर बसले आणि आईला लावला. जाते आहे हे तिला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं रागावली. सत्तरीची बाई, जावयाच्या आयुष्याचा प्रश्न.

"अगं, गेलीसच का?" मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, घरात कुणी ऐकेल अशा बेताने: "कसं आहे गं त्याचं तोंड?"

"लहान आहे गं," मी म्हणाले. "पोरसवदा. कपाळभर विभूती."

"रुसलेला दिसतो का?"

"नाही."

ती पुन्हा गप्प. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"पायाला तेल लाव," म्हणाली, आणि फोन ठेवला.