केमोआधीचा इको आणि उणे वीस

डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन टाके नुकतेच निघाले होते. केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून आणायला सांगितलं, तोही 'स्ट्रेनसकट', म्हणजे हृदयाचा स्नायू ठोक्यागणिक किती आखडतो त्याच्या मोजमापासकट. डॉक्सोरुबिसिन आणि त्यानंतर द्यायचं ट्रॅस्टुझुमॅब, दोन्हींनी हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो. म्हणून औषधाआधीची नोंद हवी.

इको दुखत नाही, असं सगळे सांगतात. मला दुखला. डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात डोक्याखाली, आणि हृदयाचं टोक दिसावं म्हणून प्रोब दाबतात तो नेमका जखमेच्या खाली. माझा हात वर जातच नव्हता. इको करणाऱ्या मॅडमनी काखेत उशी दिली तेव्हा कुठे जमलं. तुमचंही डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर आत गेल्या गेल्या सांगा. मग "श्वास सोडा... आता थांबा" हे कितीतरी वेळ. स्ट्रेनसाठी तीन कोनांतून स्वच्छ चित्र लागतं. कॉम्प्युटर स्नायूतले करडे ठिपके पकडून ते ठोक्यागणिक किती सरकतात ते मोजतो.

रिपोर्टमध्ये ईएफ ६२ टक्के, जीएलएस, म्हणजे स्ट्रेनचा आकडा, उणे २०.४. ते उणे बघून माझ्या पोटात गोळाच आला. "अहो ताई, आकुंचन पावताना स्नायूची लांबी घटते, म्हणून उणे. उणे वीस म्हणजे छान," मॅडम हसल्या. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडलं तो आकडा. स्नायू थोडा थकला तरी हा आकडा बरेच दिवस तग धरतो. स्ट्रेन बहुधा त्याआधी घसरतो.

डॉक्सोरुबिसिन संपल्यावर ईएफ ६०, स्ट्रेन उणे १८.६. घरी सगळ्यांचे चेहरे उतरले. पण बघायचं असतं ते स्वतःच्या पहिल्या आकड्याशी: माझी घट ९ टक्क्यांच्या आसपास, आणि डॉक्टर सावध होतात ती १५ टक्क्यांहून जास्त घटल्यावर. ट्रॅस्टुझुमॅब ठरल्याप्रमाणे सुरू झालं, दर तीन महिन्यांनी इको.

पुढचा इको सांगलीत, घराजवळ केला तर चालेल का, असं विचारलं. ईएफसाठी चालेल, मॅडम म्हणाल्या, पण स्ट्रेन वेगळ्या कंपनीच्या मशीनवर वेगळा येऊ शकतो, मग तुलना कशाशी करणार? तेव्हा दर वेळी पहाटेची एसटी पकडून पुण्यालाच जाते. जुने रिपोर्ट आणि सीडी पिशवीत असतातच.